पाच मिलीवॅट पुरे आहेत, कमी पडतोय तो अंधार

तुमचा प्रश्न मला असा समजला. साताऱ्यात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी तुम्ही तांब्याच्या पत्र्यावर आणि एफटीओ काचेवर (वीज वाहणारा थर असलेल्या काचेवर) इलेक्ट्रोडिपॉझिशनने, म्हणजे द्रावणातून विजेने थर बसवून, निकेलच्या फिल्म करता. व्हीएसएमसाठी, म्हणजे चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रासाठी, सॅम्पलं बाहेर पाठवावी लागतात आणि नंबर लागायला महिना जातो. म्हणून ५ मिलीवॅटचा लाल डायोड लेसर, पोलरॉइडच्या दोन चकत्या, एक फोटोडायोड, मल्टिमीटर आणि १५०० ओर्स्टेडपर्यंत (ओर्स्टेड हे चुंबकीय फील्डचं एकक) जाणारा विद्युतचुंबक एवढ्या सामानावर तुम्ही केर परिणामाची, म्हणजे चुंबकित धातूवरून परतणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवण किती फिरतं ते बघण्याची, मांडणी उभी केलीत. फील्ड पुढेमागे फिरवलं की आकडा हलतो, पण कधी लूपसारखं (फील्ड वाढवताना एका वाटेने आणि उतरवताना दुसऱ्या वाटेने जाणारा बंद आलेख) काही दिसतं, कधी नुसती तिरकी रेघ येते, तर कधी आकडा एकाच दिशेने सरकत राहतो. आता ५० मिलीवॅटचा लेसर घ्यायला परवानगी मिळाली आहे. तो घ्यावा का, आणि ती तिरकी रेघ म्हणजे निकेलचं चुंबकत्व समजायचं का, हे तुम्ही विचारलंय.

लेसर घेऊ नका. रेघेबद्दल सविस्तर बोलावं लागेल, कारण तुमची खरी अडचण तिथेच आहे. प्रकाश कमी पडतोय असं तुम्हाला वाटतंय. मला दिसतंय ते असं, की हलणारा आकडा चुंबकत्वामुळे हलतोय की आणखी कशामुळे, हे ओळखायची सोय तुमच्या मांडणीत अजून नाही. ती सोय झाली की आहे तोच लेसर पुरेल. सांगलीत मी बरीच वर्षं हीच मोजणी करतोय, विद्यार्थ्यांकडून करून घेतोय, त्यामुळे जे सांगतो ते टेबलावर करून पाहिलेलं आहे.

आधी आकारमानाचा अंदाज घेऊ. सरळ ध्रुवीभूत प्रकाश चुंबकित धातूवरून परावर्तित झाला की त्याच्या ध्रुवणाची दिशा किंचित फिरते आणि प्रकाश किंचित लंबवर्तुळी होतो. काचेतून आरपार जाणाऱ्या प्रकाशात असं होतं हे फॅराडेने १८४५ मध्ये दाखवलं होतं. परावर्तनात ते पहिल्यांदा पाहिलं जॉन केरने, १८७७ च्या सुमारास, विद्युतचुंबकाच्या पॉलिश केलेल्या ध्रुवावर. लेसर यायला तेव्हा ८० वर्षांहून जास्त अवकाश होता, फोटोडायोड नव्हता, मोजायला होता तो डोळा. प्रकाश ध्रुवीभूत करणारे दोन निकोल प्रिझम एकमेकांना काटकोनात लावून त्याने जवळजवळ पूर्ण अंधार केला आणि चुंबक चालू केल्यावर त्या अंधारात उजेड परत येताना पाहिला. आपण आजही तेच करतो.

हा कोन किती असतो? लोखंडाचं चुंबकन पृष्ठभागाला लंब असेल, म्हणजे ध्रुवीय मांडणी असेल, तर अर्ध्या अंशाच्या आसपास. निकेलचा त्याच मांडणीत साधारण ०.१ अंश. चुंबकन फिल्मच्या पातळीत असेल आणि आपण अनुदैर्घ्य मांडणीत (फील्डही पातळीतच, बीम तिरका) मोजत असू, तर ढोबळमानाने त्याच्याही दहाव्या हिश्शावर येतो. म्हणजे तुमच्या निकेलसाठी ०.०१ अंश धरून चाला.

आता हा ०.०१ अंश फोटोडायोडवर कसा दिसतो ते बघा. ॲनालायझर (सॅम्पलनंतरची चकती) पोलरायझरला (सॅम्पलच्या आधीच्या चकतीला) ४५ अंशांवर ठेवला, तर प्रकाश भरपूर येतो. पण चुंबकन उलटं झाल्यावर, म्हणजे कोन अधिक ०.०१ वरून उणे ०.०१ वर गेल्यावर, त्या प्रकाशात फरक पडतो तो ०.०७ टक्के. साधा डायोड लेसर तापताना एखादा टक्का सहज इकडेतिकडे जातो. त्यात हे ०.०७ कुठे शोधणार? आता ॲनालायझर पूर्ण काटकोनापासून फक्त २ अंशांवर आणा. प्रकाश जवळजवळ सगळा जातो, पण उरलेल्या प्रकाशात तोच केर कोन २ टक्के फरक पाडतो. सिग्नल त्याच लेसरवर, त्याच सॅम्पलवर अठ्ठावीस पटींनी ठळक झाला, आणि तो अंधाराकडे सरकून झाला. लेसर दहापट मोठा केला असता तर सिग्नल दहापट, लेसरचं डोलणंही दहापट, आणि गुणोत्तर जिथल्या तिथे.

मग ॲनालायझर अगदी काटकोनावरच का नेत नाही? कारण खरा काळोख कधीच होत नाही. पोलरॉइडच्या चकत्यांतून काटकोनातही थोडा प्रकाश गळतो, साधारण हजारात एक भाग धरा. त्या गळतीला चुंबकत्वाशी काही देणंघेणं नसतं, ती नुसती तळाशी बसून राहते. गणित केलं तर टक्केवारीतला फरक सगळ्यात मोठा कधी येतो, तर ॲनालायझर फिरवून आणलेला प्रकाश त्या गळतीइतकाच असतो तेव्हा. टेबलावर करायची कृती अगदी सोपी आहे. आकडा सगळ्यात कमी होईल तिथे ॲनालायझर आणा, तो आकडा लिहा, आणि त्याच्या दुप्पट होईपर्यंत ॲनालायझर एका बाजूला फिरवा. हजारात एक गळतीला हा कोन जवळपास १.८ अंश येतो आणि तुमच्या निकेलचा फरक १.१ टक्के. फोटोडायोडवर बाहेरचा उजेड पडत असेल तर तोही या गळतीत जमा होतो, म्हणून डायोडला काळी नळी आणि मांडणीवर काळं खोकं हवंच. चांगले ग्लॅन जातीचे प्रिझम घेतले तर गळती लाखात एकपर्यंत उतरते आणि तोच फरक दहा टक्क्यांच्या घरात जाऊ शकतो. प्रत्यक्षात तिथे इलेक्ट्रॉनिक्सचा आवाज (नॉइज) आडवा येतो, म्हणून प्रिझम असले तरी मी एखाद्या अंशाखाली क्वचितच जातो. पण पैसे कुठे घालायचे याचं उत्तर यातच आहे: मोठ्या लेसरच्या पैशांत एक बरा प्रिझम पोलरायझर बघा, सेकंडहँड मिळाला तरी चालेल.

५ मिलीवॅट खरंच पुरतात का, याचाही हिशोब मांडतो. पोलरायझरमधून जाऊन सॅम्पलवर ३ मिलीवॅट पोचले असं धरू. निकेल त्यातला साधारण ६० टक्के परत फेकतं, म्हणजे २ मिलीवॅटच्या आत. आपण अंधाराजवळ बसलोय, त्यामुळे ॲनालायझरमधून त्याचे हजारातले दोन भाग येतील, ४ मायक्रोवॅट म्हणा. लाल प्रकाशाला सिलिकॉन फोटोडायोड दर वॅटमागे ०.४ अँपिअरच्या आसपास करंट देतो, म्हणजे १.६ मायक्रोअँपिअर. ऑप-ॲम्पवर १ मेगाओहमचा रोध लावला की १.६ व्होल्ट. त्याचा एक टक्का १६ मिलिव्होल्ट. एडीएस १११५ हा १६ बिटांचा स्वस्त एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) २ व्होल्टच्या रेंजवर ६२.५ मायक्रोव्होल्टची एक पायरी वाचतो, म्हणजे तुमचा लूप अडीचशे पायऱ्या उंच येईल. आर्डुइनोचा स्वतःचा एडीसी मात्र वापरू नका. १० बिटांत ५ व्होल्टला १०२४ पायऱ्या, तुमच्या लूपच्या वाट्याला त्यातल्या तीन.

आणि ५० मिलीवॅटबद्दल काळजीने सांगतो. दृश्य प्रकाशात ५ मिलीवॅटपर्यंतचा लेसर सुरक्षेच्या ३आर वर्गात बसतो, ५० मिलीवॅट सरळ जास्त धोक्याच्या ३बी मध्ये. आपलं सॅम्पल म्हणजे आरसा, आणि जुळवणी करताना आपण तो हाताने फिरवत असतो. लॅबमध्ये बीएस्सीची मुलंमुली ये-जा करतात. डोळ्याचा पडदा एका चुकीच्या परावर्तनात कायमचा जाऊ शकतो.

आता तिरक्या रेघेकडे येऊ. फील्ड फिल्मला लंब आहे की फिल्मच्या पातळीत, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि उत्तर त्यावरच ठरतं. पातळ फिल्मला तिच्या आकारामुळेच चुंबकन पातळीत ठेवायला आवडतं. निकेलचं चुंबकन उचलून पूर्ण लंब उभं करायचं तर सुमारे ६००० ओर्स्टेड लागतात. तुमच्याकडे १५०० आहेत. म्हणजे फील्ड लंब असेल तर चुंबकन थोडंसं कलतं, फील्ड काढलं की परत आडवं होतं, आणि आलेख येतो सरळ तिरका, लूप नाही. ती रेघ काही अंशी खरी असू शकते, पण त्यातून कोअर्सिव्हिटी (चुंबकन शून्यावर आणायला लागणारं उलटं फील्ड) मिळणार नाही. (याला एक पोटनियम आहे. डिपॉझिट होताना फिल्ममध्ये ताण राहतो, आणि निकेल ताणलं की चुंबकन ताणाच्या दिशेपासून दूर जाऊ पाहतं. जाड, ताणलेल्या फिल्ममध्ये त्यामुळे चुंबकनाचा काही भाग लंब दिशेला उभा राहिलेला सापडतो. तुमच्या फिल्मची जाडी आणि बाथ माहीत नसताना मी तो नाकारत नाही.) तुम्ही फील्ड पातळीत घ्या, प्रकाशाचं आपतन प्रतलही (येणारा आणि परतणारा किरण ज्यात असतात ते प्रतल) त्याच दिशेत ठेवा, आणि बीम ४५ ते ६० अंशांनी तिरका टाका. सरळ वरून टाकलेल्या बीमला या मांडणीत परिणाम शून्य मिळतो. फील्ड पातळीत पण आपतन प्रतलाला आडवं असेल तर ध्रुवण फिरतच नाही, फक्त पी-ध्रुवीभूत (आपतन प्रतलातच कंप पावणाऱ्या) प्रकाशाची तीव्रता किंचित बदलते. तीही मोजतात, पण सुरुवातीला नको.

फील्ड आधीपासूनच पातळीत होतं आणि तरी रेघ येतेय, तर माझा पहिला संशय काचेवर जाईल. बीमच्या वाटेत, विशेषतः चुंबकाजवळ, लेन्स आहे का? साध्या ऑप्टिकल काचेत लाल प्रकाश दर टेस्लाला दर मीटरमागे सुमारे ४ रेडियन फिरतो. ऐकायला हे फार वाटत नाही. पण ५ मिलिमीटर जाडीच्या लेन्सवर ध्रुवांतून निसटलेलं नुसतं १०० ओर्स्टेड फील्ड बीमच्या दिशेने पडलं, तरी फिरण्याचा कोन ०.०१ अंशाच्या पुढे जातो. हा तर तुमच्या निकेलच्या केर कोनाइतकाच! फील्ड वाढेल तसा तो सरळ रेषेत वाढतो, म्हणून आलेखावर रेघ उमटते. पोलरायझर आणि ॲनालायझर यांच्या दरम्यान काच ठेवूच नका, ठेवलीच तर चुंबकापासून हातभर लांब. क्लॅम्पमध्ये आवळलेली काच तर अंधारही बिघडवते, ती वेगळी कटकट.

याच काचेने आम्हाला एकदा चांगलंच फसवलं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्याकडच्या एका विद्यार्थ्याला इतका देखणा लूप मिळाला की आम्ही सगळे खूश. दोन्ही टोकांना सपाट, मधे स्वच्छ उघडलेला. तीन वेगवेगळ्या फिल्मवर तो मोजला आणि तिन्हींची कोअर्सिव्हिटी जवळजवळ एकच आली. तिथेच शंका यायला हवी होती. पुढे सॅम्पलच्या जागी सहज म्हणून ॲल्युमिनियमचा आरसा लावला, तर त्यावरही तोच लूप! आम्ही आडव्या अक्षावर फील्ड नव्हे, तर कॉइलचा करंट घेतला होता. विद्युतचुंबकाच्या लोखंडी गाभ्याला स्वतःचं हिस्टेरिसिस असतं, करंट शून्य केला तरी थोडं फील्ड मागे उरतं, आणि करंट वाढत गेला की गाभा संपृक्त होऊन फील्ड सपाट होतं. लेन्स ध्रुवाला जवळजवळ चिकटलेली होती. लेन्समधला फॅराडे परिणाम त्या फील्डचं इमानदारीने चित्र काढत होता, आणि आम्ही आमच्याच चुंबकाच्या गाभ्याचा लूप निकेलचा म्हणून वहीत लिहीत होतो. तीन आठवड्यांचं काम फाडून टाकावं लागलं, याचं त्या मुलाला फार वाईट वाटलं आणि मलाही. तेव्हापासून सॅम्पलशेजारी फील्ड मोजणारा हॉल प्रोब असल्याशिवाय आणि दिवसाची पहिली मोजणी ॲल्युमिनियमच्या आरशावर झाल्याशिवाय आमच्या लॅबमध्ये लूप लूप म्हणून मोजला जात नाही.

तर तुमची पहिली तपासणी हीच: ॲल्युमिनियमचा आरसा. तिथे जे दिसेल ते सगळं मांडणीचं, निकेलचं नाही. दुसरी तपासणी ॲनालायझरची. अंधाराच्या एका बाजूला १.८ अंशांवर लूप घ्या, मग ॲनालायझर दुसऱ्या बाजूला तेवढाच न्या आणि पुन्हा घ्या. खरा केर लूप दुसऱ्या वेळी उलटा, डोकं खाली करून येतो. लेसर डोलत असेल, सॅम्पल हलत असेल, बीम फोटोडायोडवरून सरकत असेल, तर ते बदल उलटत नाहीत, तसेच राहतात. दोन्ही लूप वजा करून निम्मे केले की ही घाण बरीचशी गळून पडते. पण नीट लक्षात घ्या, लेन्समधला फॅराडे परिणामही ध्रुवणच फिरवतो, त्यामुळे तोही लूपबरोबर उलटतो. त्याला पकडायला आरसाच लागतो. एक तपासणी दुसरीची जागा घेत नाही.

आकारावरूनही बरंच कळतं. फील्डची दिशा बदलल्यावर चिन्ह बदलणारी सरळ रेघ आली तर फॅराडे. दोन्ही दिशांना सारखीच वर जाणारी, वाटीसारखी रेघ आली तर बहुधा काहीतरी ओढलं जाऊन हलतंय, कारण चुंबकाची ओढ फील्डच्या दिशेवर अवलंबून नसते. होल्डरला लोखंडी स्क्रू आहे का ते बघा. आम्ही कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर ॲल्युमिनियमचा होल्डर करून घेतला आणि स्क्रू पितळी लावले. स्टेनलेसवर भरवसा ठेवू नका, आटे पाडताना तेही थोडं चुंबकीय होतं. (वाटी दरवेळी हालचालीचीच असते असं नाही, चुंबकनाच्या वर्गावर चालणारा एक केर परिणामही असतो आणि तो लूप वाकडा, असमान करतो. पण आधी स्क्रू बघा.)

अंधार चांगला कसा करायचा, यावर थोडं थांबतो, कारण बहुतेकांची मांडणी इथेच अडते. धातूवर पडणारा प्रकाश नेमका पी किंवा नेमका एस (आपतन प्रतलाला लंब) ध्रुवीभूत नसेल, तर तो चुंबकत्व नसतानाही लंबवर्तुळी होऊन परततो आणि मग ॲनालायझर कितीही फिरवा, अंधार होत नाही. पी दिशा शोधायला महागडं काही लागत नाही. सॅम्पलच्या जागी साधी काच लावा, मागची बाजू काळी करा, बीम ५६ अंशांच्या आसपास टाका आणि पोलरायझर फिरवा. परावर्तित ठिपका नाहीसा झाला की पी दिशा सापडली. तिथून बरोबर ९० अंशांवर एस. दोन्हींपैकी कुठलीही चालते. डायोड लेसर स्वतःच ध्रुवीभूत असतो, तेव्हा लेसरची नळीही फिरवून त्याच दिशेला आणा, म्हणजे प्रकाश वाया जात नाही. मग निकेल लावा आणि ॲनालायझर किमान आकड्यावर आणा. त्यानंतर पोलरायझर केसभर हलवून आकडा आणखी उतरतो का बघा, पुन्हा ॲनालायझर, पुन्हा पोलरायझर. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर तारेखालचा दोरा असाच केसाकेसाने सरकवतो आणि एका जागी आवाज एकदम उघडतो. इथे एका जागी आकडा एकदम बसतो. घाई केली तर ती जागा हातून निसटते. हे सगळं करूनही अंधार होत नसेल तर ॲनालायझरच्या आधी पाव तरंगाची चकती लावून उरलेलं लंबवर्तुळीपण काढता येतं.

आणि आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! फिल्मच आरशासारखी नसेल तर बाकीचे कष्ट व्यर्थ. खडबडीत फिल्म प्रकाश विखुरते, विखुरलेला प्रकाश ध्रुवण विसरतो आणि तो सगळा गळतीत जमा होतो. फिल्ममध्ये चष्म्याची कड स्पष्ट दिसली पाहिजे, धूसर दिसली तर ती फिल्म या मोजणीला नको. एफटीओचा पृष्ठभाग मुळातच खरखरीत असतो, म्हणून मी तांबं घेईन, तेही आधी फॉस्फोरिक आम्लात इलेक्ट्रोपॉलिश करून. जाडी वाढवत गेलात की चकाकी जाते, शे-दोनशे नॅनोमीटरवर थांबा. वॉट्स बाथमध्ये (निकेल चढवायच्या नेहमीच्या द्रावणात) सॅकरिन घातलं तर चकाकी येते. पण त्याने कण बारीक होतात, ताण बदलतो आणि कोअर्सिव्हिटीही बदलते, तेव्हा ते प्रोजेक्टमध्ये लिहायला विसरू नका.

निकेलवर हात बसवण्याआधी सोप्या सॅम्पलवर सराव करा. ट्रान्सफॉर्मर रिवाइंडिंगच्या दुकानात सिलिकॉन स्टीलची पत्ती सहज मिळते. वरचा थर घासून काढा, बारीक पॉलिश पेपर आणि शेवटी पेस्ट वापरून आरसा करा आणि पत्तीची लांबी फील्डच्या दिशेत ठेवा. मुळात लोखंडच असल्याने सिग्नल निकेलपेक्षा ठळक येतो आणि पत्ती थोड्या फील्डवर उलटते. जुन्या हार्ड डिस्कची चकती खुणावते, चकाकते छान, पण तिची कोअर्सिव्हिटी हजारो ओर्स्टेड असते. तुमच्या चुंबकाला ती दाद देणार नाही.

सरकत्या आकड्याबद्दल फार बोलायची गरज नाही. लेसर मोजणीआधी तासभर चालू ठेवा आणि बॅटरीवर चालवा. आमच्याकडे शेतीपंप सुरू व्हायच्या वेळेला व्होल्टेज खालीवर होतं आणि ते थेट आलेखात उमटतं. तुमच्याकडेही एमआयडीसी आहेच. पंखा बंद ठेवा. ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, म्हणून प्रत्येक बिंदू २० मिलिसेकंदांच्या पटीत सरासरी करून घ्या. एक लूप पाच मिनिटं काढत बसू नका, दहा-वीस सेकंदांत पूर्ण करा आणि असे तीस लूप घेऊन सरासरी काढा, आवाज साडेपाच पटींनी खाली येईल. शिवाय पोलरायझरनंतर एक काचपट्टी तिरकी लावून थोडा प्रकाश दुसऱ्या फोटोडायोडवर घ्या आणि पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. ती काचपट्टी चुंबकापासून लांब ठेवा, कारण आता तुम्हाला माहीत आहेच.

इथे एक दुरुस्ती केली पाहिजे, नाहीतर पुढे कुणी वाचून गोंधळेल. ४५ अंशांची मांडणी वाईट असं मी म्हटलं ते एकाच फोटोडायोडबद्दल. वोलास्टन प्रिझमने प्रकाश दोन भागांत तोडून दोन डायोडांचा फरक घेतला, तर लेसरचं डोलणं दोन्हींत सारखं असल्याने वजा होतं आणि तिथे ४५ अंशच योग्य. मोठ्या प्रयोगशाळांत ५० किलोहर्ट्झचा फोटोइलॅस्टिक मॉड्युलेटर आणि लॉक-इन (ठरावीक फ्रिक्वेन्सीचाच सिग्नल उचलणारं उपकरण) वापरून फिरणं आणि लंबवर्तुळीपण वेगवेगळं मोजतात. तुमच्या प्रोजेक्टला आज यातलं काहीच लागत नाही.

शेवटी, लूप मिळाल्यावर त्यातून काय वाचायचं. कोअर्सिव्हिटी वाचा. फील्ड शून्य असताना उरलेलं चुंबकन आणि संपृक्त चुंबकन यांचं गुणोत्तर वाचा. सॅम्पल त्याच्याच पातळीत दर १५ अंशांनी फिरवून सोपी दिशा कुठली ते वाचा, हे व्हीएसएमपेक्षा इथे कितीतरी झटपट होतं. पण उभ्या अक्षावर इएमयू (चुंबकीय मोमेंटचं एकक) लिहू नका. ही मोजणी अंश सांगते, चुंबकीय मोमेंट सांगत नाही. आणि धातूत हा प्रकाश वरच्या दहा-वीस नॅनोमीटरपर्यंतच बघतो. तुमची फिल्म २०० नॅनोमीटरची असेल तर व्हीएसएम सगळी फिल्म मोजेल आणि तुम्ही फक्त तिची साय, तीही ठिपका पडला तेवढ्या जागेवरची. दोन्हींची कोअर्सिव्हिटी जुळली नाही तर लगेच कुणीतरी चुकलंय असं धरू नका, वरचा थर आणि आतला थर खरोखरच वेगळे असू शकतात. वरवर बघणं हीच या पद्धतीची ताकदही आहे. १९८५ मध्ये मूग आणि बेडर यांनी सोन्यावर बसवलेल्या लोखंडाच्या एक-दोन अणूंच्या थरांचे लूप याच तत्त्वावर मोजले, तेही फक्त परावर्तित प्रकाशाकडे बघून. त्यापुढे तुमचं २०० नॅनोमीटर निकेल म्हणजे ढीग आहे.

आता या आठवड्यात एवढं करा: काळं खोकं, बॅटरी, पितळी स्क्रू, हॉल प्रोब, लेन्स बाहेर. मग तीन आलेख पाठवा. पहिला ॲल्युमिनियमच्या आरशाचा, दुसरा आणि तिसरा निकेलचे, अंधाराच्या दोन्ही बाजूंचे. सोबत किमान आकडा किती होता आणि फील्ड कुठल्या दिशेत होतं ते लिहा. दुसरा आणि तिसरा एकमेकांचे उलटे आले आणि पहिला सपाट आला, तर सॅम्पल घेऊन सरळ सांगलीला या, आमच्या मांडणीवर तीच फिल्म लावून दोन्ही लूप एकाच कागदावर काढू.